मे महिन्यातलं आमचं शिबिर आम्हाला परत द्या : संस्थेच्या संचालक मंडळाला खुलं पत्र

प्रति,
माननीय अध्यक्ष, सचिव आणि संचालक मंडळातले सर्व सदस्य,

सप्रेम नमस्कार.

संस्थेचं नाव मी इथं लिहीत नाहीये. बीड जिल्ह्यात ज्यांना कळायचं त्यांना ते कळेलच, आणि मला संस्थेची बदनामी करायची नाहीये, जिथं मी घडले त्या जागेबद्दल वाईट बोलायला जीभ रेटत नाही. पण मार्चमध्ये दोन पत्रं दिली, ऑफिसात तीन चकरा मारल्या, सचिव साहेबांना फोन केले, "बघू", "मीटिंगमध्ये ठेवू" याच्यापुढं गाडी गेली नाही आणि आता मे तोंडावर आलाय, म्हणून हे सगळ्यांसमोर लिहितेय.

विषय तुम्हाला माहितीये. १९९४ पासून दर मे महिन्यात आपल्या हायस्कूलमध्ये आठवी ते अकरावीच्या पोरांसाठी २१ दिवसांचं गणित-विज्ञान शिबिर होत होतं, राहून, जेवून. ते या वर्षीपासून बंद करून त्या जागी एका खाजगी क्लासबरोबर "फाउंडेशन समर प्रोग्राम" करायचा असा निर्णय तुम्ही घेतलात. आम्हाला तो कळला कसा, तर व्हॉट्सॲपवर फिरत आलेल्या माहितीपत्रकातून. तीस वर्षं जे शिक्षक तिथं मानधन न घेता शिकवायला येत होते त्यांनाही तसाच कळला. एका सरांनी तर सुट्टीत मुलाकडं पुण्याला जायचं तिकीट नेहमीसारखं जूनचं काढून ठेवलं होतं.

मी कोण ते सांगते. १९९९ च्या शिबिरातली मी मुलगी. नववीची परीक्षा देऊन आले होते. आई-वडील ऊसतोडीला जायचे, दिवाळी झाली की गाडी भरायची आणि गुढीपाडव्याच्या आगेमागे परत, मधले पाच-सहा महिने मी आणि धाकटा भाऊ आजीजवळ. आमच्या मुख्याध्यापकांनी, ज्यांनी हे शिबिर सुरू केलं त्यांनीच, वडिलांना शाळेत बोलावून सांगितलं की पोरीला २१ दिवस माझ्याकडं द्या. फी शून्य. वडिलांनी विचारलं, मग जेवणाचं काय? सर म्हणाले तेही आमच्याकडं. सोबत एक ताट, एक तांब्या आणि पांघरूण आणायचं एवढीच अट होती.

त्या शिबिरातली एक गोष्ट सांगते, म्हणजे नेमकं काय बंद होतंय ते कळेल.

आपल्याकडं साधारण १५ मेच्या आसपास शून्य सावली दिवस येतो. सूर्य बरोबर डोक्यावर, उभ्या काठीची सावली गायब. कर्कवृत्ताच्या खाली राहणाऱ्या आपल्या सगळ्यांना हे वर्षातून दोनदा बघायला मिळू शकतं, पण दुसऱ्यांदा येतो तो जुलैच्या शेवटी, तेव्हा आभाळ भरलेलं असतं, म्हणजे खरं तर मेमध्येच. आणि मेमध्ये शाळा बंद. म्हणून पुस्तकात धडा असूनही आपली पोरं ते बघत नाहीत. आम्ही पाहिलं. मैदानात चुना टाकून खुणा केल्या, बांबू ओळंब्यानं सरळ उभा केला, घड्याळ रेडिओच्या बातम्यांवर लावून घेतलं. आम्हाला वाटलं बाराला सावली जाईल. बारा वाजले, सावली तिथंच. सर काही बोलले नाहीत. नंतर एका मुलाच्या लक्षात आलं की आपलं घड्याळ आपल्या गावाचं नाहीच, ते ८२.५ रेखांशाचं, मिर्झापूरजवळचं, आणि आपण तिथून साधारण पावणेसात अंश पश्चिमेला, एका अंशाला चार मिनिटं म्हणजे सत्तावीस मिनिटं उशिरा. सगळे खूश झालो, उत्तर मिळालं. पण सावली नाहीशी झाली ती बारा तेवीसला.

ती चार मिनिटं कुठं गेली यावर आम्ही दोन दिवस भांडलो. घड्याळ चुकलं म्हणाले काही जण, बांबू वाकडा होता म्हणाले काही जण, दुसऱ्या दिवशी परत मोजलं, परत तेच. जेवताना भांडण, पंगतीत वाढताना भांडण. तिसऱ्या दिवशी सरांनी फळ्यावर लंबवर्तुळ काढलं आणि पृथ्वी सूर्याभोवती सारख्या वेगानं फिरत नाही, शिवाय तिचा आस कललेला आहे, त्यामुळं खरी मध्यान्ह कधी घड्याळाच्या पुढं जाते कधी मागं राहते हे समजावलं. त्या दिवशी मला पहिल्यांदा वाटलं की आकडा चुकला की लाज वाटायचं कारण नाही, चुकलेल्या आकड्यात काहीतरी लपलेलं असतं. त्याच वर्षी ११ ऑगस्टला सूर्यग्रहण होतं, शिबिरात खोक्याला बारीक भोक पाडून सूर्याची प्रतिमा कशी घ्यायची ते शिकवलं होतं, ते मी घरी आजीला भिंतीवर दाखवलं. ग्रहणात उंबऱ्याबाहेर न पडणारी माझी आजी खोक्यातून पडलेली ती चंद्रकोर बघत बसली होती.

मी बीएस्सी, बीएड केलं, आता माध्यमिक शाळेत गणित शिकवते. २००८ पासून दर मे महिन्यात मी शिबिरात शिकवायला होते, कोरोनाची दोन वर्षं सोडून. त्या दोन वर्षांत सगळंच बंद होतं, त्याबद्दल तक्रार नाही. पण २०१६ आठवा. लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं तो उन्हाळा. आपल्या हायस्कूलच्या विहिरीत तळ दिसत होता, टँकर तीन दिवसाला एक. तेव्हासुद्धा शिबिर झालं. पोरांनी पाण्याचा हिशोब स्वतः ठेवला, माणशी किती लिटर, कुठं वाया जातं, त्याचे आलेख भिंतीवर लावले, बोअरच्या आणि टँकरच्या पाण्यात साबणाचा फेस किती येतो ते बघून पाण्याचा जडपणा तपासला. दुष्काळात जे बंद पडलं नाही ते आता माहितीपत्रकाच्या एका पानानं बंद पडतंय, हे मला गप्प बसून बघवत नाही.

आता मुद्द्यावर येते.

पहिला मुद्दा पैशाचा. नवीन प्रोग्रामची फी १४,५०० आणि हॉस्टेल वेगळं ६,०००. आपल्या शिबिरात येणारी निम्मी पोरं ऊसतोड घरातली असतात. त्यांचे आईबाप एप्रिलमध्ये परत येतात तेव्हा उचल फिटली की नाही याचा हिशोब मुकादमाकडं चालू असतो, कधी उलट अंगावर बाकी निघते. त्या घरानं वीस हजार कुठून आणायचे? "गरजूंना सवलत" असं खाली बारीक अक्षरात लिहिलंय, किती जणांना, किती, कोण ठरवणार, काहीच नाही. मी फोन केला तर समोरच्या मुलानं आधी दहावीचे मार्क विचारले.

दुसरा मुद्दा निवडीचा, आणि मला सगळ्यात जास्त लागलंय ते हेच. आमच्या शिबिराला अर्ज म्हणजे एक कोरा कागद असायचा. त्यावर पोरानं स्वतःच्या हातानं लिहायचं, मला पडलेला एक प्रश्न. बस. "चुलीतला धूर आधी वर जातो मग खाली का येतो", "बैलाच्या पाठीवर बगळा बसतो तर बैल हलत का नाही", "शून्यानं भागायला नाही म्हणतात पण का नाही ते कुणी सांगत नाही." ते कागद वाचायला आम्ही शिक्षक तीन दिवस बसायचो आणि साठ पोरं निवडायचो. आता काय आहे, आधीच्या इयत्तेत ८० टक्क्यांची अट आणि वर साठ प्रश्नांची पर्यायी चाचणी, इंग्रजीतून, ऑनलाइन. इस्रोनं २०१९ पासून नववीच्या पोरांसाठी युविका हा उन्हाळी कार्यक्रम सुरू केला, त्यात ग्रामीण भागातल्या शाळेत शिकणाऱ्याला निवडीत १५ टक्के वेटेज दिलं. देशाच्या अवकाश संस्थेला गावातलं पोर वेगळं मोजावंसं वाटतं आणि आपण, गावातलीच संस्था, त्याला इंग्रजी पर्यायांनी गाळून बाहेर काढतोय.

एक उदाहरण देते. मागं एक मुलगी आली होती, आठवीत ५८ टक्के. आम्ही कापरेकरांचा खेळ घेतला होता, देवळालीच्या शाळेत मास्तर होते ते दत्तात्रय रामचंद्र कापरेकर. कोणतीही चार आकडी संख्या घ्या, सगळे अंक सारखे नकोत, अंक उतरत्या क्रमानं मांडा, चढत्या क्रमानं मांडा, वजा करा, परत तेच करा, जास्तीत जास्त सात पायऱ्यांत ६१७४ येतेच. ३५२४ घ्या, ५४३२ वजा २३४५ म्हणजे ३०८७, मग ८७३० वजा ०३७८ म्हणजे ८३५२, मग ८५३२ वजा २३५८, आले ६१७४. सगळी पोरं करून बघत होती, ही गप्प. संध्याकाळी प्रार्थनेच्या वेळी वही घेऊन आली, म्हणाली, "बाई, तीन आकड्यांना ४९५ येतंय, दोन आकड्यांना थांबतच नाही, गोल गोल फिरतंय." अर्धी वही भरली होती. तिला कुणी सांगितलं नव्हतं. ५८ टक्के, सर. तुमच्या नव्या अटीत ती गेटच्या आत येऊ शकत नाही. तिनं पुढं संख्याशास्त्रात एमएस्सी केलं, आज ती नोकरी करते आणि दर वर्षी शिबिराला गव्हाची दोन पोती पाठवायची. या वर्षी तिचा फोन आला, बाई गहू कुठं पाठवू, मला उत्तर देता आलं नाही.

तिसरा मुद्दा, शिकवणार काय. माहितीपत्रकात टाइमटेबल आहे, सकाळी आठ ते संध्याकाळी सहा, फिजिक्स केमिस्ट्री मॅथ्स बायो, दर रविवारी टेस्ट, रँक लिस्ट. प्रयोगशाळेचा एकही तास नाही. रात्रीचं आकाशदर्शन नाही. वाचनालय नाही. मी क्लासच्या विरोधात नाहीये, माझे स्वतःचे विद्यार्थी नीटची तयारी करून मेडिकलला गेलेत, मी त्यांचे डाउट सोडवायला रात्री बसलेय. पण ते शिकवणारे क्लास लातूरला आहेत, संभाजीनगरला आहेत, आता आपल्या तालुक्याच्या चौकातही दोन आहेत. हे शिबिर एकच होतं. पुढच्या वर्षी कळणाऱ्या गोष्टी या वर्षी पाठ करून घेणं आणि आज पडलेल्या प्रश्नाच्या मागं जाणं ही दोन वेगळी कामं आहेत. गणित ऑलिंपियाडचंच घ्या, पहिल्या फेरीनंतर आरएमओत, म्हणजे प्रादेशिक फेरीत, पर्याय नसतात, सिद्धता लिहावी लागते, तिथं कॅल्क्युलस लागत नाही की अकरावीचं पुस्तक लागत नाही, संख्या, भूमिती आणि नेट लावून विचार करायची सवय लागते. आमच्या पोरांना ती सवय शिबिरात लागायची.

आणि बाहेरची दारंही बंद होतायत हे तुम्ही बघताय ना? १९६३ पासून चालत आलेली एनटीएसई, म्हणजे राष्ट्रीय प्रज्ञा शोध परीक्षा, २०२१ पासून थांबलीये. १९९९ ला सुरू झालेली केव्हीपीवाय ही विज्ञानाची शिष्यवृत्ती २०२२ मध्ये केंद्र सरकारच्याच इन्स्पायर या दुसऱ्या योजनेत विलीन केली. दहावी-अकरावीच्या हुशार पोराला ज्या एक-दोन गोष्टींसाठी शाळेच्या पुस्तकाबाहेर वाचायला लागायचं, त्याही गेल्या. अशा वेळी आपल्या हातातलं जे आहे ते तरी धरून ठेवायचं की नाही?

चौथा मुद्दा मुलींचा. नव्या प्रोग्राममध्ये हॉस्टेल फक्त मुलांना आहे, मुलींनी रोज येऊन-जाऊन करायचं. कारण "सुरक्षितता". वाड्या-वस्त्यांवरून मेच्या उन्हात, एसटी दिवसाला दोन, मुलगी रोज येऊन-जाऊन करेल का? नाही करणार, घरचे पाठवणारच नाहीत, हे आपल्या सगळ्यांना माहितीये. एवढी वर्षं आपण साठातल्या तीस जागा मुलींना ठेवल्या, वसतिगृहात मावशी आणि दोन शिक्षिका रात्री झोपायला असायच्या, एकदाही तक्रार आली नाही. सुरक्षितता आपण करून दाखवली होती, ती पुढं चालवायची सोडून मुलींनाच वगळलं.

आणि एक गोष्ट आहे जी अर्जात कधी लिहिली जात नाही. मे हा लग्नसराईचा महिना. आपल्या जिल्ह्यात पोरींची लग्नं किती लवकर उरकतात ते तुम्ही आम्ही सगळे मांडवात जेवून आलेलो आहोत. आईबाप ऊसतोडीवरून परत आले, पोरगी नववी-दहावीत, पुढच्या हंगामात तिला कुणाकडं ठेवायचं हा प्रश्न, आणि स्थळ आलेलं. त्या वेळी "शाळेच्या शिबिरात निवड झालीये, सर घरी येऊन गेलेत" हे वाक्य किती घरांत कामाला आलंय हे मी डोळ्यांनी पाहिलंय. एक वर्ष पुढं गेलं की मग अकरावी होते, मग बारावी होते. सगळ्यांचं असं होतं म्हणत नाही, काहींचं नाहीच झालं, दोघींच्या बाबतीत आम्ही उशिरा पोचलो आणि ते मला अजून टोचतं. पण जिथं थांबलं तिथं त्या २१ दिवसांमुळं थांबलं.

पाचवा, प्रयोगशाळेचा आणि वस्तूंचा. सहा इंची दुर्बीण माजी विद्यार्थ्यांनी २०११ मध्ये वर्गणी काढून घेतली. सूक्ष्मदर्शक, पाणी तपासायची पेटी, भिंगं, जवळजवळ ९०० पुस्तकं, हे सगळं लोकांनी शिबिराला दिलंय, संस्थेला नाही. मार्चमध्ये त्या खोलीला नवीन कुलूप लागलंय आणि आत बेंच टाकून वर्ग करणार असं कळतंय. वस्तू कुठं आहेत विचारलं तर शिपाईमामा म्हणाले वरच्या माळ्यावर टाकल्यात. मे महिन्यात पत्र्याखालच्या माळ्यावर दुर्बिणीचं काय होईल? २०२५ च्या ऑगस्टमध्ये मुंबईत आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्र आणि खगोलभौतिकी ऑलिंपियाड झालं, साठहून जास्त देशांतली शाळकरी मुलं आली होती, आमच्या पोरांनी त्याच्या बातम्या मोबाइलवर बघून मला विचारलं होतं की बाई आपण परत दुर्बीण कधी काढायची. मी म्हटलं मेमध्ये.

तुमची बाजूही मी ऐकलीये. एक, पालकांची मागणी बदललीये. असेल. पण कुठल्या पालकांना विचारलंत? शिबिराच्या एकाही पालकाची सभा झालेली नाही. दोन, खर्च परवडत नाही. मी हिशोब मांडते, साठ पोरं, २१ दिवस, जेवण-नाष्टा माणशी रोज १२० रुपये धरला तर १,५१,२०० रुपये होतात. शिक्षक पैसे घेत नाहीत, इमारत आपलीच, वीज-पाणी आणि मावशींचा पगार धरून पावणेदोन लाखांच्या आत बसतं. गहू, ज्वारी, डाळ लोक आणून देतातच, म्हणजे खरा खर्च त्याहून कमी. आम्ही माजी शिबिरार्थींनी आपापसात बोलून या वर्षीचा जेवणाचा पूर्ण खर्च उचलायची तयारी केलीये, तसं पत्र २२ मार्चला ऑफिसात दिलंय, पोच आहे. त्यावर उत्तर नाही. तीन, क्लासकडून संस्थेला भाडं मिळणार. किती मिळणार ते सांगितलेलं नाही, पण ते घ्या, जरूर घ्या, इमारतीत १८ खोल्या आहेत, आम्हाला चार पुरतात.

मागण्या सरळ आहेत :

१. या मेमध्ये शिबिर पहिल्यासारखंच घ्या, मोफत, मराठीतून, राहण्यासकट. २१ दिवस जमत नसतील तर या वर्षी १४ करू, पण खंड नको.

२. निवड पोरांच्या प्रश्नावर व्हावी, मार्कांवर आणि इंग्रजी चाचणीवर नको.

३. निम्म्या जागा मुलींना, आणि मुलींचं वसतिगृह चालू. रात्री थांबायला मी स्वतः येते, आणखी दोन शिक्षिका तयार आहेत.

४. प्रयोगशाळेची खोली उघडा, वस्तूंची यादी करून दाखवा, दुर्बीण माळ्यावरून आजच्या आज खाली काढा.

५. क्लासबरोबर झालेला करार पालकांना वाचायला ठेवा, आणि शिबिराबद्दल यापुढं काही ठरवायचं असेल तर शिक्षक, पालक आणि माजी विद्यार्थी यांना बसवून ठरवा.

यातलं शेवटचं उद्या लगेच नाही झालं तरी समजू शकते. पहिल्या चारला वेळ नाहीये. पोरांचे कागद यायला लागलेत, मी बोलावलेले नाहीत तरी येतायत, दर वर्षीची सवय, माझ्या टेबलावर आत्ता ४१ आहेत. काल आलेल्या एकात लिहिलंय, "आमच्या वस्तीवर मोबाइलला रेंज झाडावर चढलं की येते, मग ती वरच असते का, आणि वर किती उंच असते?" या पोराला मी काय कळवू ते मला सांगा.

३० एप्रिलपर्यंत मी उत्तराची वाट बघते. चर्चेला कधीही, कुठंही बोलवा, मी एकटी येईन किंवा सगळ्यांना घेऊन येईन, जसं म्हणाल तसं. उत्तर आलं नाही तरी १५ मेला सकाळी अकरा वाजता आम्ही काही शिक्षक आणि जी पोरं येतील ती, एक बांबू, ओळंबा आणि चुन्याची पिशवी घेऊन हायस्कूलच्या मैदानावर येणार आहोत. घोषणा नाहीत, बॅनर नाही. बारा तेवीसची सावली बघायची आहे. मैदानाचं गेट उघडं ठेवायला सांगा, आणि तुमच्यापैकी ज्यांना जमेल त्यांनी या.

आपली,
१९९९ ची शिबिरार्थी, आता गणित शिक्षिका